चाकात न सापडणारं लुगडं

ज्वारी निसवली, करडई फुलावर आली आणि सकाळी आडाच्या पाण्यातून वाफ निघायला लागली, की मला लोकांचा हेवा वाटायला लागतो. बाकीचं वर्ष मी बरी असते. पावसाळ्यात सांधे दुखतात, उन्हाळ्यात डोकं धरतं, पण कुणाचं काही बघून मी जळत नाही. थंडी आली, की जळते. भालकीतल्या आमच्या घरावरनं कॉलेजच्या पोरी सायकलीवर जातात. माझी नजर त्यांच्या तोंडाकडं जातच नाही. आधी पायांकडं जाते, मग साखळीकडं, मग ओढणीकडं. एकीनं ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली असते, तिला मी मनात शाबासकी देते. दुसरीची चाकाजवळ लोंबत असते, ती वळणापार जाईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो.

"आत्याबाई, रोज काय बघायलाव एवढं?" सून विचारते.

"ऊन खायलेय," मी सांगते.

हेवा वाटतो म्हणून सांगायचं कसं? आणि हा हेवा त्या पोरींचा नाहीच. तो जुना आहे, एका हिवाळ्यातला. दरवर्षी थंडीबरोबर परत येतो.

तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं. माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती, घरात अजून पाळणा हलला नव्हता. हे सरकारात देवी टोचायच्या कामावर होते. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत, पण डॉक्टर काही ते नव्हते. काचेच्या बारीक नळ्यांतून लस यायची. ती ओल्या फडक्यात गुंडाळून गावोगाव न्यायची आणि लेकरांच्या दंडावर टोचायची. उन्हानं लस नासते, म्हणून हे काम थंडीतलं. कार्तिक सरला, की यांचा दौरा सुरू व्हायचा तो शिमग्यापर्यंत. आधी पायी नाहीतर मिळेल त्या बैलगाडीनं जात. त्या वर्षी खात्यानं त्यांना सायकल दिली आणि आमच्या घरात एक माणूस वाढलं.

पहिल्या दिवशी हे धोतर नेसून बसले आणि वेशीतूनच परत आले. सोगा साखळीत जाऊन बैलानं चघळल्यासारखा झाला होता. मग पायजमा आला. पायजम्याचा उजवा पाय तेलानं काळा व्हायला लागला, तेव्हा पोटरीला गुंडाळायच्या खाकी पट्ट्या आल्या. त्या पट्ट्यांनी करडईचे काटेही लागत नाहीत, हा शोध लागल्यावर तर हे डाव्या पायालाही बांधायला लागले. शेरवानीचा घेर सीटखाली जाऊन अडकायचा, पण कचेरीत शेरवानीवाचून उभं राहता येत नसे. तेव्हा ती घडी करून मागं बांधायची आणि कचेरीच्या दारात अंगात चढवायची, असं ठरलं. रुमी टोपी वाऱ्यानं उडायची. हॅट कुणाची तरी मागून आणली, तर ती बघून खेड्यात कुत्री मागं लागली. शेवटी कानावरून मफलर आणि वर साधा रुमाल. पाण्याला फिरकीचा तांब्या, हँडलला टांगलेला. लसीची थैली मात्र अंगावरच, छातीशी. मागं बांधली तर खड्ड्यात नळ्या फुटतात.

इतका विचार या माणसानं आमच्या लग्नात घालायच्या कपड्यांचा केला नव्हता. मी चुलीपुढून बघायची. संध्याकाळी आले, की आधी सायकल पुसायची. माझ्या जुन्या चोळीचं फडकं करून एकेक तार पुसत बसायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "तिला थंडी वाजायली आसंल. आत घ्या की."

टोमणा त्यांना कळला नाही. "व्हय, दवानं गंजते ती," म्हणाले आणि खरंच आत घेतली. त्या दिवसापासून आमच्या झोपायच्या खोलीत सायकल असायची.

पण मी जळायची ती सायकलीपायी नव्हे, वाटेपायी. हे यायचे तेव्हा अंगाला हरभऱ्याच्या पाल्याची आंबट आंब आणि धुळीचा वास असायचा. मुडबीला हुरडा कसा गोड, कमठाण्याची तांबडी माती कशी चाकाला चिकटत नाही, असलं काही बोलत जेवायचे. मेहकर माझं माहेर. तिथं मी वर्षातून एकदा, पंचमीला जायची. हे त्या हिवाळ्यात तीनदा गेले. "तुझ्या वयनीनं भाकरीवर लोणी घातलं," म्हणून सांगायचे. मी भाकरी उलटताना तव्याकडंच बघायची, तोंड दिसू नये म्हणून.

मग बाई आल्या.

गावोगाव पुरुष माणसाच्या पुढं बायका दंड उघडा करत नसत. पडद्यातल्या घरांत तर यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. म्हणून बीदरच्या एका दवाखान्यातून एक नर्स मदतीला पाठवली होती. मार्थाबाई. मूळच्या कमठाण्याच्या, त्यांच्या बापाच्या काळात किरिस्ताव झालेल्या. त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते जेवताना.

"एकल्या आल्या बग बाई. रेल्वेतून सायकल उतरवून घेतल्या, चाकातली हवा बगितल्या, आन् बसून आल्या की," हे म्हणाले. घास हातात तसाच.

"दिसायला कशी हाय?"

"लेडीज हाय. मदला दांडा खाली वाकलेला आसतंय तसली."

मी पुढं विचारलं नाही. नवऱ्याला सायकलच दिसली, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण बाई एकट्या आल्या, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याबद्दल तर नाहीच. मी एकटी कुठं गेलेच नव्हते.

पुढं रोज बाई. बाईंनी अमक्या घरात जाऊन लेकरं टोचली, बाईंनी स्वतः पंक्चर काढलं, बाई बाभळीचा काटा दातानं उपसतात. मी ऐकायची आणि मनात तिचं तोंड रंगवायची. गोरी असणार, नाकात चमकी नसणार, केस तेल न लावता भुरभुरीत असणार. जितकं वाईट वाटेल तितकं ते तोंड देखणं व्हायचं.

एके दिवशी हे लवकर आले. चेहरा उतरलेला. मुडबीच्या वाटेवर बाई पडल्या होत्या. त्या पांढरं पाचवारी पातळ नेसायच्या, गोल. चाकाला जाळी होती, ती काट्याकुट्यांनी फाटून गेली. साखळीवरचं पत्र्याचं झाकण गाडीवाटेच्या हिसक्यांनी निखळून पडलं. मग पातळ साखळीत गेलं आणि बाई सायकलीसकट पाण्याच्या चारीत.

"लागलं का लई?"

"घोटा फुटलाय. पण कामून पडल्या ते महत्त्वाचं हाय." हे भिंतीला टेकून बसले. "मी म्हटलो, पंजाबी बायका घालतेत तसला सलवार घाला. तर त्या म्हणल्या, खेड्यात बायका वळखायच्या न्हाईत, दार लावून घेतील. झगा घातला तर मडमीण आली म्हणून पोरं मागं लागतील. बायांनी घरात घ्यावं आसलं पायजे आन् चाकात जाऊ नये आसलं पायजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू काष्टा मागं कसा खोवतेस, सांग की."

मी हातातली परात खाली ठेवली. या घरात आल्यापासून मी रोज यांच्यासमोर नऊवारी नेसत होते. मी काय नेसते, कसं नेसते, हे या माणसानं कधी डोळा उचलून बघितलं नव्हतं. आज विचारायला लागले, ते दुसरीला सांगायला.

"सांगून येत न्हाई ते," मी म्हटलं. "नेसवावं लागतंय."

"मग आणू का त्यांना घरी?"

"आणा."

"लुगडं तुझंच द्यावं लागंल. त्यांच्याकडं नऊवारी न्हाई." आणि मग हे म्हणाले, "ते जांभळं इरकल हाय की तुझं. बारीक चौकडीचं. त्याच्यावर तेलाचा डाग दिसत न्हाई."

माझ्या पेटीत जांभळं इरकल आहे आणि त्यावर बारीक चौकडी आहे, हे त्यांना माहीत होतं. हे मला त्या दिवशी कळलं. मी चुलीकडं वळले, डोळ्यात धूर गेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. मी दारात उभी होते, ठेवणीतलं लुगडं नेसून. आणि बाईंचं तोंड बघितलं. देवीच्या व्रणांनी भरलेलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट ठेवायला मोकळी जागा नव्हती. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, बांधा काटक, काळ्यासावळ्या. पायात कॅनव्हासचे बूट. मी मनात घडवलेली ती देखणी बाई एका क्षणात गेली. माझा हेवा मात्र गेला नाही, उलट वाढला. देखणेपणा माझ्या हातात नव्हता, म्हणून त्याचं फारसं काही वाटलंही नसतं. पण ही बाई जशी होती तशी मीही होऊ शकले असते.

"बर्री, आत या," मी म्हटलं. कानडी त्यांच्यासाठी.

"तुमालाच तरास द्यायला आलेय अक्का," त्या हसून म्हणाल्या. मला मोठेपणा देत होत्या.

आतल्या खोलीत मी त्यांना लुगडं नेसवलं. आमच्याकडं खुरपायला, काढणीला जाणाऱ्या बायका नेसतात तसं, आखूड आणि घट्ट. कमरेला गाठ, निऱ्या पोटाशी खोचून उरलेलं दोन पायांमधून मागं. मागचा काष्टा गुंडाळून खोवला, तर सीटवर बसताना ती गाठ हाडाला टोचणार, हे माझ्याच ध्यानात आलं. म्हणून तो पसरून, चापूनचोपून सपाट खोवला. पदर छातीवरून घेऊन कमरेला करकचून बांधला. पोटऱ्यांना यांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. घोट्याची जखम मी हळदीनं पुन्हा बांधली. बाई मागंपुढं चालून बघत होत्या.

"बसून बगा," मी म्हटलं.

परसात त्यांनी सायकलीवर एक फेरी मारली. लुगड्याचा एक धागा चाकाकडं गेला नाही. हे दारातून बघत होते. "आता बेस झालं," म्हणाले, पण बघत होते साखळीकडं, आणि मी हे सगळं किती नीट केलं याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते बाईंचं. त्या उतरून माझ्याजवळ आल्या. "सीट लई कडक हाय अक्का. तुमच्या हातात शिवण हाय. कायतरी करताव का?"

मी गोधडीच्या तुकड्यांची एक छोटी गादी शिवली, सीटखाली ओढून बांधायला नाडी घातलेली. गार हँडल धरून बोटं बधिर होतात म्हणाल्या, म्हणून मुठींना चिंध्या गुंडाळून दिल्या. माझ्या शेजारणी म्हणाल्या, किरिस्तावणीनं नेसलेलं ते लुगडं आता घरात परत कसं घेणार? मी म्हटलं, दिलं ते दिलं.

आठवड्याभरानं मेहकरला देवी आल्याची खबर लागली. गावाच्या खालच्या अंगाला दोन लेकरं आजारी पडली होती. माझ्या भावाच्या घरात तान्हं मूल होतं. खबर लागल्यावर हे एकदा जाऊन आले होते, पण एरवी भाकरीवर लोणी घालणाऱ्या वहिनीनं टोचायचं म्हटल्यावर दार उघडलं नव्हतं. आता यांना मुडबीकडं पाठवलेलं. बाई सकाळी सायकल घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"अक्का, तुमच्या माहेरात मला कोण वळखतंय? तुमी चला."

"गाडी सांगायला माणूस न्हाई घरात."

"गाडी कशाला? मागं बसा." आणि थैलीतून कॅनव्हासचे जुने बूट काढून माझ्यापुढं ठेवले.

मी कधी पायात काही घातलं नव्हतं. बूट थोडे मोठे होते, पुढं कापूस कोंबला. काष्टा आखूड केला, पदर बांधला, कानाला रुमाल गुंडाळला आणि कॅरिअरवर गोधडीची घडी टाकून बसले. पहिला चढ येईपर्यंत डोळे मिटून होते. उघडले तेव्हा दोन्ही अंगांना ज्वारी होती, डोक्यापेक्षा उंच. कणसांवरचं दव उन्हानं चकाकत होतं. करडईची पिवळी-केशरी पट्टी मधे मधे. पाखरं राखणारी बाई माळ्यावरून गोफण खाली करून आमच्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघितलं आणि ओशाळण्याऐवजी ताठ बसले. चढाला आम्ही दोघी उतरून सायकल ढकलायचो. बाई काही फार बोलत नव्हत्या. मीच बोलत होते. इतकं मी त्या घरात चार वर्षांत बोलले नव्हते.

वहिनीनं मला बघून दार उघडलं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली नाही, खाली गेली. बुटांवर. पोटरीच्या पट्ट्यांवर. मग सायकलीवर. ती नजर मला चांगली ठाऊक होती. महिनाभर मीच ती डोळ्यांत घेऊन फिरत होते.

"देवी दारात आल्यावर टोचून घ्यायचं? कोपंल ती," वहिनी म्हणाली. लेकराला पदराखाली धरून भिंतीशी उभी.

मी समजावायला लागले, तर बाईंनी मला हातानं थांबवलं. त्या वहिनीच्या समोर खाली बसल्या, उजेडाकडं तोंड करून.

"माजं तोंड बगा माय. आमच्या घरी टोचायला कोण आलं न्हवतं. आमच्या आयीनं बी लिंबाचा डहाळा लावून देवीच पुजली. मी वाचले, आशी. माजी धाकटी बहीण वाचली न्हाई. तुमच्या पदराखाली हाय ना, तेवढीच होती."

वहिनीनं पदर बाजूला केला. मग लेकरू बाईंकडं न देता माझ्याकडं दिलं. मी ते मांडीवर घेतलं, दंड मोकळा केला. बाईंनी लस लावून टोचलं. लेकरू रडलं, वहिनी रडली, मीही रडले, आणि सगळं आटोपून गेलं. मग शेजारची बाई आली, तिच्या मागून तिची जाऊ. दिवस मावळेपर्यंत मी लेकरं धरत होते. त्या रात्री आम्ही वहिनीकडंच राहिलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला गेलो, तर भाच्याच्या दंडावर फोड नीट धरला होता. मेहकरला त्या हिवाळ्यात काही घरांत रडारड झाली. माझ्या भावाच्या घरात झाली नाही. तो भाचा आज डोक्यावर पांढरे केस घेऊन उसाच्या शेताची राखण करतो.

त्यानंतर हंगाम संपेस्तोवर मी बाईंबरोबर जायची. दोन गावांच्या मधे खळी सारवून ठेवलेली असायची, ज्वारी यायच्या आधीची, मोकळी, गुळगुळीत. तिथं बाई सायकल माझ्या हातात द्यायच्या. मी पडले, गुडघे फुटले, एकदा सरळ कडब्याच्या गंजीत घुसले. होळीच्या आधी मला नीट यायला लागली. होळीनंतर बाई बीदरला परत गेल्या. पुढल्या हिवाळ्यात दुसरीकडं त्यांची नेमणूक झाली. मग राज्यच बदलायच्या गडबडीत माणसं पांगली, आणि त्या कुठं गेल्या ते मला कधी कळलं नाही. जांभळं इरकल त्यांच्याकडंच राहिलं.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र बाई जायच्या आधीची. संध्याकाळची वेळ. हे उंबऱ्यावर बसून साखळीला तेल घालत होते आणि मी भाकरी करत बोलत होते. बाई असं म्हणाल्या, बाईंनी तसं केलं, बाईंना करडईची भाजी आवडते, बाईंचा बाप पेटी वाजवायचा. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की आज उताराला मी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून खळ्यापासून ओढ्यापर्यंत एकटी सायकल चालवत आले.

तेलाची बुधली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुला सायकल येती?"

"येती की."

"कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

यांनी फडकं उचललं. मग साखळीकडं बघतच म्हणाले, "दिसभर तिच्यासंगं आसतेस, घरी आल्यावर बी तिचंच बोलतेस." मग आणखी खालच्या आवाजात, "मी शिकवलो आसतो की. मला कामून म्हणली न्हाईस?"

मी वळून बघितलं. हातातलं फडकं एकाच तारेवर फिरत होतं, पुन्हा पुन्हा. खालचा ओठ किंचित पुढं आलेला. या माणसाच्या चेहऱ्यावर मी ते आधी कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला मला क्षणसुद्धा लागला नाही.

"तुमी कदी इच्यारलाव?" मी म्हटलं.

ते सायकलीवर आणखी वाकले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी परातीत नवा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच घरातला हेवा माझ्या वाट्याला नव्हता, आणि भाकरी अशा टम्म फुगत होत्या, की एकही करपली नाही.